निळीच्या पिंपाला चार हात लागतात

कापड हातानं रंगवणाऱ्या बाईला हमखास विचारलं जातं, की हव्या त्या छटेचं कापड बाजारात मीटरवर मिळत असताना हा खटाटोप कशासाठी? यावर आमच्यापैकी बऱ्याच जणी नैसर्गिक रंगांची महती सांगू लागतात. मला ते उत्तर अपुरं वाटतं. मैत्रिणींसोबत निळीत, मंजिष्ठेत, हिरड्यात कापड बुडवत आल्यावर माझं मत असं झालं आहे, की यातला आनंद रंगापेक्षाही कामाच्या घडणीत आहे. कापड रंगवणं हे मुळात अनेक हातांचं काम आहे. ते एकटीनं केलं तर जमतं, पण निम्मं सुख हातून निसटतं.

निळीचंच उदाहरण घेते, कारण तिथे हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. नीळ पाण्यात विरघळत नाही. चुना घालून पाणी अल्कधर्मी करायचं, गुळाच्या किंवा फळांच्या साखरेनं निळीचं क्षपण घडवायचं, तेव्हा कुठे ती धाग्यात शिरण्याजोगी होते. अशा तयार पिंपातलं पाणी पिवळट हिरवं दिसतं, वर तांबूस चकाकीचा थर आणि निळा फेस धरतो. कापड बाहेर काढलं की हवा लागते आणि हिरव्याचं निळं डोळ्यांदेखत होतं. म्हणजे पिंपाच्या आत हवा नको आणि बाहेर आल्याबरोबर तीच हवी. आत बुडबुडे गेले तर पिंप थकतं. बाहेर एखादी घडी मिटलेली राहिली तर तिथे डाग पडतो. आता हातात साडेपाच मीटरची ओली साडी आहे अशी कल्पना करा. एकीनं ती पाण्याला न खळबळवता सोडायची, दुसरीनं काठ सावरायचा, बाहेर येताच दोघींनी टोकं धरून घड्या मोकळ्या करायच्या. हे सहकार्य कोणाला उपदेश करून शिकवावं लागत नाही, ते कापडच मागतं.

मंजिष्ठेचं काम वेगळं, पण मागणी तीच. आधी हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवायचं, मग तुरटीत, आणि मग मंजिष्ठेच्या भांड्यात आच हळूहळू वाढवत न्यायची. पाणी उकळलं तर लाल रंग तपकिरीकडे झुकतो, ढवळणं थांबलं तर कापड चट्ट्यापट्ट्यांचं होतं. कोणीतरी आचेवर लक्ष ठेवायचं, कोणीतरी ढवळायचं. मध्ये जो वेळ रिकामा राहतो तो गप्पांचा, आणि त्या गप्पा घाईच्या नसतात, कारण भांडं सोडून कोणालाच उठता येत नाही. एकमेकींना इतका सलग वेळ देणं शहरातल्या आयुष्यात आम्हांला दुसऱ्या कुठल्या कामानं साधलेलं नाही.

परंपरेकडे पाहिलं तरी हेच दिसतं. कच्छच्या बांधणीत गाठी बांधणाऱ्या बायका वेगळ्या आणि रंगवणारे खत्री वेगळे. धमडका आणि अजरखपूरच्या अजरखात धुणं, हिरडा, छपाई, नीळ, मंजिष्ठ अशा कितीतरी पायऱ्या, आणि त्या कुटुंबाच्या अनेक हातांतून जातात. आपल्याकडे गोधडीही अशीच शेजारणींनी मिळून धावदोरा घालत पुरी होत आली. आम्ही रंगवलेले तुकडे शेवटी गोधडीसारखेच जोडतो, तेव्हा नवं काही शोधल्याचा दावा मी करणार नाही.

कलेला एकांत लागतो, घोळक्यात सगळ्यांचं सारखंच होतं, असा एक आक्षेप येतो. तो मला खरा वाटत नाही. गाठ, दुमड, टाका हे प्रत्येकीचं स्वतःचं असतं आणि दुसरीच्या गाठीला कोणी हात लावत नाही. सामाईक असतं ते फक्त पिंप. त्यातही पहिल्यांदा बुडालेल्या कापडाला गडद निळा मिळतो, पुढे पिंपातली नीळ उतरत जाते आणि फिक्या छटा येतात. म्हणून आधी कोण, नंतर कोण, हे आपसात ठरवावं लागतं. एकाच दिवशी, एकाच पिंपातून निघालेली कापडं दोरीवर वाळत असतात, तेव्हा त्यांतलं नातंही दिसतं आणि प्रत्येकीचा हातही ओळखू येतो.

नैसर्गिक रंगच श्रेष्ठ असं काही नाही, हा आक्षेप मात्र मी मान्य करते. ॲडॉल्फ फॉन बायर यांनी निळीची रचना उलगडली आणि १८९७ मध्ये बीएएसएफनं कारखान्यातली नीळ बाजारात आणली. तिचा आणि झाडाच्या निळीचा निळा रेणू एकच आहे. १९५६ पासून मिळू लागलेले रिॲक्टिव्ह रंग तर थंड पाण्यात, धुण्याच्या सोड्यानं सुती कापडावर पक्के बसतात, आणि आम्ही तेही वापरतो. शिवाय झाडाच्या निळीला पावित्र्य बहाल करताना बंगालमधला १८५९चा निळीचा उठाव विसरता येत नाही. चंपारणमध्ये १९१७ साली गांधीजी गेले ते तीनकठिया पद्धतीविरुद्ध. वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठे जमिनीत नीळ लावण्याची सक्ती होती. रंग तोच होता, पण काम स्वतःच्या मर्जीचं नव्हतं, म्हणून त्यात यातना होती. आनंद कामाच्या अटींवर ठरतो, याचा याहून कठोर पुरावा मला माहीत नाही.

राहतो सगळ्यात बोचरा प्रश्न: कारागिरांचं पोट ज्यावर चालतं, तो तुमचा विरंगुळा का? विरंगुळा आहे, हे खरंच आहे. पण ज्या बाईनं स्वतः एक दुपार गाठी बांधल्या आहेत, ती बांधणीच्या दुपट्ट्यावर घासाघीस करत नाही, आणि यंत्रावर छापलेलं नकली अजरख तिच्या नजरेला लगेच कळतं. आमच्यात एक नियम आहे: कारागिरांची नक्षी उतरवून विकायची नाही. छंद म्हणून हे करणाऱ्या प्रत्येक गटानं तो पाळावा असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात करायची असेल तर जुनी, अनेकदा धुतलेली सुती साडी घ्या. नव्या कापडाची खळ आधी काढावी लागते, जुन्याची केव्हाच गेलेली असते. चुना हाताळताना हातमोजे घाला, रंगाची भांडी पुन्हा स्वयंपाकात वापरू नका, आणि निदान एका मैत्रिणीला तरी बोलवा.