मधोमध थांबलेला काटा

खंडाळ्याच्या घाटात गाडी शिकलेल्या माणसाला जळत्या क्लच प्लेटचा वास कधी विसरता येत नाही. काही बिघडायला लागलं की नाक आधी सांगेल, या भरवशावर मी कॅलिफोर्नियातही बरीच वर्षं निर्धास्त होतो. मग एक जुना पिकअप ट्रक घेतला, ऑटोमॅटिक. मागे मुक्कामाचा ट्रेलर जोडला आणि ऐन जुलैत सहकुटुंब लॉस एंजेलिसहून युटाकडे निघालो.

वाटेत बेकर गावात १३४ फूट उंचीचा थर्मामीटर उभा आहे. डेथ व्हॅलीत १९१३ साली नोंदलेल्या १३४ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे जवळजवळ ५७ सेल्सिअसच्या, विक्रमाची ती आठवण. तिथे आम्ही हौसेने फोटो काढले. पुढे पंधरा नंबरचा हायवे हजार फुटांच्या खालून चार हजारांच्या आसपास चढत जातो. इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा, अशा पाट्या वाटेत आहेत. मी बंद केला, मुलांची कुरकुर ऐकली आणि इंजिनचा काटा मधोमध आहे हे बघून स्वतःवर खूश झालो. इंजिनला त्रास नको म्हणून ॲक्सिलरेटरही हलकाच ठेवला होता.

तिथेच घोळ झाला. ऑटोमॅटिकमध्ये आपल्या ओळखीच्या क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात इंजिनचं चक्र तेल फेकतं आणि त्या तेलाच्या जोरावर समोरचं चक्र फिरतं. दोघांच्या वेगात फरक पडला की ताकदीचा काही भाग तेलातच उष्णता होऊन मुरतो. सपाट रस्त्यावर कन्व्हर्टर लॉक होतो आणि हा फरक मिटतो. जड ओझं घेऊन चढावर वरच्याच गिअरमध्ये रेंगाळलं, की लॉक सुटतो आणि तेल घुसळून निघतं. त्यात आरपीएम कमी, म्हणून पंपही कूलरकडे तेल कमीच ढकलतो. घाटात खालचा गिअर टाकायचा हे मॅन्युअल चालवताना मला कुणी सांगायची गरज पडली नव्हती. ऑटोमॅटिक म्हटल्यावर ती अक्कल मी गाडीवर सोपवून मोकळा झालो. ओझं ओढताना लावायचं ‘टो-हॉल’चं बटण समोरच होतं, पण ते फक्त उतारासाठी असतं असा माझा समज.

चढाच्या शेवटी इंजिन ओरडायला लागलं आणि वेग काही वाढेना. कडेला थांबून लगेच किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. तेही चुकलंच, कारण तेलाचा पंप इंजिनवर चालतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवलं असतं तर तेल कूलरमधून फिरत राहिलं असतं. मी ते होतं तिथेच शिजू दिलं.

गिअरबॉक्समधून निघालेलं तेल लाल नव्हतं, तपकिरी होतं, आणि त्याला खमंग जळका वास होता. म्हणजे वास होता, फक्त माझ्या नाकापर्यंत पोचत नव्हता. मेकॅनिकने हिशेब सांगितला: गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनमधलं तेल १७५ ते २०० अंश फॅरनहाइट असेल तर ठीक. पुढे दर वीस अंशांना त्याचं आयुष्य निम्मं, हा या धंद्यातला ठोकताळा. २४०च्या आसपास आतल्या भागांवर चिकट थर बसायला लागतो, २६०ला सील कडक होतात. गिअरबॉक्स रीबिल्ड करावा लागला.

मग मी तेलाचं तापमान दाखवणाऱ्या मीटरच्या नादी लागलो. सेन्सर बसवला तो कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या नळीवर. तिथलं तेल सगळ्यांत तापलेलं, पाय जरा दाबला की आकडा उसळतो. मी तो पॅनच्या आकड्यांशी ताडून बघायचो आणि जिथे तिथे गाडी थांबवायचो. बायको म्हणाली, “तू गाडी चालवतोयस की तिचा ताप बघतोयस?” शेवटी पॅनला भोक पाडून सेन्सर तिथे हलवला. त्यानंतर कळलं की ट्रकच्या कॉम्प्युटरला हा आकडा पहिल्यापासून माहीत होता. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये एक स्वस्तातला रीडर लावून ॲपमध्ये योग्य कोड घातला असता, तर तो फोनवर दिसला असता.

आता चढ दिसला की टो-हॉल लावतो आणि गिअर आधीच खाली आणतो. इंजिन तीन हजारांच्या वर घुमतं. शेजारी बसलेले पाहुणे हमखास म्हणतात, “अहो, गिअर वाढवा की!” मी फोनवरच्या आकड्याकडे बोट दाखवतो. पॅनचं भोक मात्र अजून अधूनमधून झिरपतं. त्याखाली पुठ्ठा ठेवावा लागतो.