डोंगरांच्या वरून येणारा गोंगाट

संपादकांनी ‘विश्वातील गूढे’ हा विषय दिला होता. सध्या माझ्या डोक्यात मात्र एक निमंत्रणपत्र घोळतंय, म्हणून त्याबद्दलच लिहिते. खगोलशास्त्रज्ञांच्या आगामी परिषदेत उपग्रहांच्या रेडिओ गोंगाटावर एक सत्र आहे आणि सहकाऱ्यांना बोलावणं माझ्याकडे आलंय. इंजिनिअर मंडळी येतीलच. मला दीर्घिका आणि पल्सार (नियमित रेडिओ स्पंदनं देणारे तारे) अभ्यासणारे हवेत. त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘खराब डेटा आम्ही कापून टाकतो.’

नारायणगावजवळच्या खोडदला रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. भोवतीचे डोंगर शहरांतला रेडिओ गोंगाट बराच अडवतात, पण डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला ते काय अडवणार? पाहुणे विचारतात, इथून शनीची कडी दिसतात का? या दुर्बिणीला डोळा लावायची जागाच नाही, ती रेडिओलहरी टिपते, हे समजावण्यातच वेळ जातो आणि खरा धोका सांगायचा राहतो.

तो धोका थोडा तांत्रिक आहे. उपग्रह ठरलेल्या वारंवारतेवर प्रक्षेपण करतो, त्याला आंतरराष्ट्रीय नियम आहेत. पण त्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समधूनही लहरी झिरपतात. २०२३ मध्ये युरोपातल्या लोफार दुर्बिणीनं उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकचे ६८ उपग्रह तपासले, तेव्हा ४७ उपग्रहांची अशी गळती ११० ते १८८ मेगाहर्ट्झमध्ये सापडली. त्यांचं प्रक्षेपण चालतं १० गिगाहर्ट्झच्या वर! पुढच्या वर्षी कळलं की दुसऱ्या पिढीच्या उपग्रहांची गळती ३२ पटींपर्यंत तीव्र आहे. १५०.०५ ते १५३ मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात रेडिओ खगोलशास्त्राला प्राथमिक हक्कानं दिलेला आहे, आणि गळती नेमकी त्यावरही पसरते. प्रक्षेपणाचे नियम गळतीला लागू होत नाहीत, त्यामुळे कंपनीनं कुठलाही नियम मोडलेला नसतो. मला सर्वांत जास्त हेच छळतं.

मग कापून का भागत नाही? ठळक गोंगाट दिसतो, तो कापता येतो. क्षीण गोंगाट थोड्या वेळाच्या निरीक्षणात दिसतच नाही. पहिले तारे पेटले त्या काळातल्या हायड्रोजनचा संकेत आज २०० मेगाहर्ट्झच्या खाली, अतिशय क्षीण होऊन पोचतो. त्यासाठी शेकडो तासांची निरीक्षणं एकत्र करावी लागतात, आणि त्या बेरजेत लपलेला गोंगाटही वर येऊ शकतो. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीत काही विचित्र स्पंदनं वर्षानुवर्षं येत होती. ती मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार मध्येच उघडल्यामुळे येतात, हे २०१५ मध्ये सिद्ध झालं. तो ओव्हन आवारातच होता, म्हणून शोधता तरी आला.

निमंत्रणात मी आकडे मागितलेत: कोणत्या वारंवारतेला, आकाशाच्या कुठल्या भागात, निरीक्षणाचा किती वेळ कापावा लागला. भूस्थिर नसलेल्या उपग्रहांपासून रेडिओ खगोलशास्त्राला संरक्षण हा विषय २०२७च्या जागतिक रेडिओसंचार परिषदेच्या विषयपत्रिकेवर आहे. तिथे भारताची बाजू मांडताना खोडदचे आकडे हातात हवेत, आणि ते माझ्या पल्सारवाल्या मित्रांच्याच संगणकांत पडून आहेत.