आईचं दूध किती, हा अर्धाच प्रश्न

रेतनाला डॉक्टर आले की आपला पहिला प्रश्न ठरलेला, "या वळूच्या आईचं दूध किती?" मंडळी, आज त्यावरच लिहितो. कारण आज भरलेल्या कांडीचं दूध बादलीत यायला तीन-साडेतीन वर्षं जातात. तोवर वैरण आपलीच.

साधा हिशोब करू. एक गाय सोबतच्या गायींपेक्षा वेताला १००० लिटर जास्त देते. हे सगळं रक्तातलं नसतं. खुराक, मुरघास, उन्हाळ्यात व्याली की हिवाळ्यात, कितवं वेत, सगळं त्यात आलं. दुधातल्या फरकात रक्ताचा वाटा साधारण पाव ते तीस टक्के असतो, त्यालाच आनुवंशिकता म्हणायचं. पाव धरला तर १००० पैकी २५० लिटर रक्ताचे. वासराला आईकडून निम्मंच मिळतं, म्हणजे १२५. एवढाच जीव आहे त्या आकड्यात.

वळू तर स्वतः दूध देत नाही. त्याच्या मुली बोलतात. किती मुली असल्या की विश्वास ठेवायचा? आनुवंशिकता पाव धरली तर सूत्र सोपं आहे. मुलींच्या संख्येत १५ मिळवा आणि त्या बेरजेने मुलींच्या संख्येला भागा. ५ मुली असतील तर खात्री २५ टक्के, १५ असतील तर ५०, ४५ ला ७५ आणि १३५ ला ९०. आणि त्या मुली वेगवेगळ्या गोठ्यांत हव्यात. सगळ्या एकाच तालेवार गोठ्यात असल्या तर दूध वळूचं की पेंडीचं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

हाच गुंता अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या चार्ल्स हेंडरसन यांनी सोडवला. त्यांच्या 'ब्लप' पद्धतीत गोठा, हंगाम, वेत आणि नातीगोती असं सगळं एकाच गणितात बसतं. सोबतच्या गायी ९ लिटरवर असताना १२ देणारी गरिबाघरची गाय, सगळ्या २० वर असलेल्या गोठ्यातल्या १८ वालीच्या वर जाऊ शकते. मला हे गणित आवडतं ते यासाठी.

आमच्याकडे सध्या दोन कालवडी आणि वैरण एकीपुरती. पहिलीची आई गोठ्याच्या सरासरीपेक्षा ८०० लिटर वर, पण बाप मुलींची नोंद नसलेला. दुसरीची आई सरासरीतली, पण बाप भरपूर मुलींवर तपासलेला, पैदासमूल्य अधिक ५००. पहिलीला आईकडून १०० लिटर, बापाचं काहीच माहीत नाही, म्हणून सरासरीचा धरला. दुसरीला आईकडून शून्य, बापाकडून २५०. आमची आई म्हणते, "पहिलीच्या आईची कास बघ की रे!" कास मीही बघतो. पण दुसरी ठेवली. हे सरासरीचं गणित आहे, हेही घरात सांगून ठेवलंय. एकाच आईबापाच्या दोन कालवडी सारख्या निघत नाहीत, आपली भावंडं तरी कुठं सारखी असतात?

आता जीनच्या चाचण्या आल्यात. ५ ऑक्टोबर २०२४ ला आपल्या वाशिममध्येच 'गौचिप' आणि म्हशींसाठी 'महिषचिप' जाहीर झाली. लहान वासराच्या नमुन्यावरून अंदाज मिळतो, वर्षं वाचतात. पण चिप नुसती खुणा वाचते. कुठल्या खुणेला किती दूध, हे गोठ्यांतल्या खऱ्या नोंदींवरूनच कळतं. नोंदी खोट्या, तर चिपचा अंदाजही खोटा.

म्हणून दोन गोष्टी करा. कानात बिल्ला आणि महिन्यातून एक दिवस दोन्ही वेळचं दूध मोजून वहीत, व्यायल्याची तारीख आणि बापाच्या नंबरासकट. आणि कांडी घेताना विचारा, "मुली किती, किती गोठ्यांत, खात्री किती टक्के?" उत्तर आलं नाही तर आईच्या दुधाचा आकडा कितीही मोठा असो, भाव तेवढाच द्या.

तुमच्या वहीत काय लिहिलंय, खाली सांगा.