राजूरची यादी बीटावर चालवा

पोस्टग्रेस्क्यूएल या मुक्त-स्रोत डेटाबेसची नवी मुख्य आवृत्ती दरवर्षी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात येते आणि तिचा पहिला बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, त्याआधी मे महिन्यात सगळ्यांसाठी खुला होतो. कोणीही तो फुकट उतरवून घ्यावा, चालवावा, चुकलं तर कळवावं. आपल्याकडे मात्र बीटा म्हणजे कच्चा माल, तो तपासणं हे बनवणाऱ्यांचं काम, अशी समजूत पक्की आहे. पक्की आवृत्ती आली की वर्ष-दोन वर्षं थांबायचं आणि मग हात लावायचा, हेच शहाणपण मानलं जातं. चालू कामासाठी ते बरोबरच आहे. बीटावर रोजचा कारभार चालवू नका, असं हा प्रकल्प स्वतःच बजावतो. पण त्यावर कारभार चालवणं वेगळं आणि तपासणं वेगळं. माझं म्हणणं असं, की ज्यांची माहिती मराठीत आहे त्यांनी बीटा तपासणं हे परोपकाराचं काम नाही, ते त्यांचं स्वतःचं काम आहे. काही चुका फक्त आपल्याच माहितीत उघड्या पडतात आणि त्या मुळातून दुरुस्त होण्याची वेळ वर्षातून एकदाच येते.

पक्की आवृत्ती येण्याआधी माघार घेणं किती सोपं असतं, ते या प्रकल्पाच्या इतिहासात दिसतं. जुन्या नोंदी बदलणं आणि नव्या घालणं एकाच आज्ञेत करणारी ‘मर्ज’ ही सोय एप्रिल २०१८ मध्ये ११व्या आवृत्तीसाठी मुख्य कोडमध्ये आली. विकासक सायमन रिग्ज यांच्यासोबत पवन देवलसी यांचं त्यावर मोठं काम होतं. रचनेवर गंभीर आक्षेप आले आणि काही दिवसांतच ती काढून घेतली गेली. पुन्हा घडवलेली ‘मर्ज’ १५व्या आवृत्तीत, ऑक्टोबर २०२२ मध्ये, लोकांच्या हाती पडली. त्याच १५व्या आवृत्तीतून जेसन या माहितीच्या स्वरूपासंबंधीच्या नव्या सोयींचा मोठा गठ्ठा तिसऱ्या आणि चौथ्या बीटाच्या दरम्यान मागे घेतला गेला. पुढच्या वर्षीचं उदाहरण आपल्या आणखी जवळचं आहे. १६व्या आवृत्तीच्या पहिल्या बीटात नव्या डेटाबेसची अक्षरक्रमाची व्यवस्था मुळातच आयसीयू या सॉफ्टवेअर-लायब्ररीकडे सोपवली होती. जून २०२३ च्या दुसऱ्या बीटापर्यंत तो निर्णय फिरला आणि पूर्वीची पद्धत परत आली. अक्षरक्रम म्हणजे मराठी यादी कशी लागणार याचाच प्रश्न. तो बीटाच्या काळात महिनाभरात फिरू शकतो, पण सप्टेंबरनंतर तसा बदलत नाही, कारण तोवर लोकांचे इंडेक्स, म्हणजे शोधसूच्या, त्या क्रमावर उभे राहिलेले असतात. क्रम खालून सरकला की काय होतं, ते २०१८ मध्ये लिनक्समधल्या जीलिबसी या मूलभूत लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीने दाखवलं. कार्यप्रणाली अद्ययावत केली, अक्षरक्रम बदलला आणि जुने इंडेक्स चुकू लागले. नोंद टेबलात आहे, पण शोधली तर मिळत नाही. एकमेव असायला हवं ते नाव दोनदा शिरतं.

आता यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्याचं राजूर घ्या. कोळशाची खाण आणि चुनाभट्ट्यांचं गाव. राजूर अकोले तालुक्यातही आहे, भोकरदनमध्येही आहे, आणि पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा आहे. अशा गावाची साधी नावांची यादी डेटाबेसात घातली तरी तपासण्याजोगं बरंच निघतं. युनिकोडच्या क्रमांकांनुसार ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये बसतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. म्हणून नुसत्या क्रमांकांवर लावलेल्या यादीत काळे आधी आणि कावळे, कासार नंतर येतात. मराठी माणूस कोशात शोधतो त्या क्रमात काळे शेवटी हवेत. याहून अवघड गाठ ‘शेतकऱ्यांची’ या शब्दात आहे. त्यातला ‘ऱ्य’ काही कीबोर्डांवर ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरातून तयार होतो, तर काहींवर साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह मिळून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. नेहमीच्या व्यवस्थेत डेटाबेस बाइट जुळवून पाहतो, त्यामुळे हे दोन शब्द वेगळे ठरतात आणि एका क्लार्कने भरलेली नोंद दुसऱ्याला सापडत नाही. २०१९ च्या १२व्या आवृत्तीपासून सैल तुलना करणारे अक्षरक्रम बनवता येतात, पण तसा अक्षरक्रम असलेल्या रकान्यांवर ‘लाइक’ या आज्ञेने अर्धवट शब्द शोधता येत नसे. ती मुभा सप्टेंबर २०२५ च्या १८व्या आवृत्तीत मिळाली. आता तुलना किती सैल ठेवायची? फार सैल ठेवली तर ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ एकच ठरण्याचा धोका, म्हणजे गुरुजी आणि स्वयंपाकी एका रांगेत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांचंही तेच. प्रकल्पाच्या अक्षरक्रमाच्या चाचण्यांत जर्मन, स्वीडिश, तुर्की अक्षरं भेटतात, कारण कोणीतरी ती तिथे नेऊन ठेवली. आचारी आणि आचार्य यांतला फरक मराठी वाचणाराच नेऊन ठेवू शकतो.

यावर पहिला आक्षेप असा, की हजारो लोक आणि पगारी अभियंते तपासतात, जगभर स्वयंसेवकांच्या यंत्रांवर रोज चाचण्या चालतात. आपण एकट्याने तपासलं नाही तर काय बिघडतं? १४वी आवृत्ती याचं उत्तर देते. ती सप्टेंबर २०२१ मध्ये सगळे बीटा पार करून आली. टेबल वापरात असतानाच इंडेक्स बांधण्याच्या सोयीत तिच्यात दोष होता. त्या वेळी नोंदी बदलत असतील तर काही नोंदी इंडेक्समधून सुटत. दुरुस्ती १४.४मध्ये, जून २०२२ मध्ये, ठरलेलं वेळापत्रक मोडून द्यावी लागली. स्वयंचलित चाचण्या लहान टेबलांवर, ठरलेल्या वाटेने चालतात. हा दोष दिसायला खऱ्या कामाची वर्दळ हवी होती. म्हणूनच बीटा उतरवून चार ओळी घातल्या आणि ‘चाललं’ म्हटलं, याला मी तपासणी म्हणणार नाही. रात्रीचा बॅकअप वेगळ्या यंत्रावर बीटात रिस्टोअर करावा, महिन्याचे नेहमीचे अहवाल जुन्या आणि नव्या दोन्हींवर काढावेत आणि निकाल ओळीला ओळ लावून पाहावेत. इंडेक्स धड आहेत का, हे ‘पीजी-अ‍ॅमचेक’ नावाचं साधन सांगतं. क्वेरीला लागणारा वेळही टिपावा. उत्तर बरोबर पण दहापट उशिरा, हीसुद्धा कळवण्याजोगी चूक आहे.

दुसरा आक्षेप माहितीच्या गुप्ततेचा, आणि तो रास्त आहे. लोकांची नावं, जमिनी, आजार बाहेर जाता कामा नयेत. ती जावीही लागत नाहीत. बॅकअप आपल्याच खोलीतल्या यंत्रावर राहतो, तेही जालापासून तोडून. बाहेर जातो तो दोषाचा लहानात लहान नमुना, दोन रकाने आणि बनावट चार नावं. वेळेचा आक्षेप मला तितकासा पटत नाही. छोट्या कार्यालयात एकच माणूस सगळं सांभाळतो हे खरं, पण बॅकअप खरोखर परत उभा राहतो का, हे त्याला तसंही अधूनमधून पाहावंच लागतं. ती तालीम मे ते ऑगस्टमध्ये बीटावर केली की एका कष्टात दोन कामं होतात. एवढं ध्यानात ठेवावं, की एका बीटाची फाइल पुढच्या बीटाला चालेलच असं नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी नव्याने रिस्टोअर करायचं.

राहिली इंग्रजीची अडचण. सरकारी कामात मुक्त-स्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचं धोरण केंद्राने २०१५ मध्ये स्वीकारलं. त्या प्रणाली वापरणारे तालुक्याच्या गावांपर्यंत पसरले, तरी दोष कळवण्याचं काम मोठ्या शहरांतच अडकतं, ते बरंचसं भाषेच्या धाकाने. पण दोष कळवायला निबंध लागत नाही. आवृत्तीचा आकडा, दोष पुन्हा घडवणाऱ्या आज्ञा, मिळालेलं उत्तर आणि अपेक्षित उत्तर, एवढं पुरतं. आज्ञा सगळीकडे त्याच असतात, आणि ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द दोन्ही पद्धतींनी टंकून, बाइटांसकट, देवनागरीतच पाठवायचा असतो.