परवलीचा जुना शब्द

परक्या दारात आपली ओळख पटवून देण्याची पाळी आली, तर माणसाला त्याचे फारसे वैषम्य वाटत नाही. पण ज्या दारातून रोज जायचे-यायचे, त्यानेच एके दिवशी “आपण कोण?” असे विचारले म्हणजे जीव कानकोंडा होतो. गेल्या दिवाळीत माझ्या धाकट्या मुलीवर असा प्रसंग आला, आणि त्या निमित्ताने मला माझ्याविषयीच थोडे कळले.

ती पुण्याच्या एका कंपनीत संगणकाचे काम करते. दिवाळीला अंबाजोगाईस आली, ती कामासकट. ओसरीवर लॅपटॉप मांडून ती पुण्याच्या सर्व्हरशी बोलत बसे. हे बोलणे मोठे गमतीचे. काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा लिहायची आणि खाली उमटेल ते उत्तर वाचायचे. तिच्या या उद्योगातली एकच गोष्ट माझ्यासारख्या साहित्याच्या प्राध्यापकाला चटकन समजली. ती म्हणजे ‘गिट’. लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडच्या गृहस्थाने २००५ साली हे साधन निर्माण केले. अनेक हात एकाच लिखाणावर काम करीत असताना कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली याची चोख नोंद ते ठेवते, आणि वाटेल तेव्हा जुना पाठ काढून दाखविते. मला आमच्या शेजारच्या पैठणच्या एकनाथमहाराजांची आठवण झाली. ज्ञानेश्वरी १२९० साली सिद्ध झाली. पुढे नकलाकारांच्या हातून तिच्यात इतके पाठभेद शिरले की नाथांना १५८४ साली ती शुद्ध करावी लागली, आणि यापुढे कोणी तिच्यात आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही द्यावी लागली. गिटच्या भांडारातही कोणीही उठून ओळ घालू शकत नाही. आधी परवलीचा शब्द द्यावा लागतो.

नेमका तोच शब्द नाकारला जाऊ लागला. कंपनीच्या नियमाप्रमाणे दर तीन महिन्यांनी तो बदलावयाचा असतो. तो तिने आदल्या दिवशी बदलला होता. ब्राउझरमधून भांडार बिनतक्रार उघडे. पण सर्व्हरवर जाऊन आज्ञा लिहिली की एकच उत्तर: ओळख पटली नाही. थोड्या वेळाने तिचे खातेच बंद झाले. पाच वेळा चुकीचा शब्द आला की तसा बंदोबस्त होतो म्हणे. पुण्यातल्या सहकाऱ्याला फोन करून तिने ते उघडवून घेतले. दहा मिनिटांत पुन्हा बंद! असे तीनदा झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी काम ग्राहकाच्या हाती पडायचे होते आणि चारपाच माणसे तिच्यासाठी खोळंबली होती. शेवटी सहकाऱ्याने फोनवर जपून विचारले, “दुसरे कोणी तुझ्या नावाने आत शिरू पाहत नाही ना?” तिचा चेहरा उतरला.

अशा वेळी बापाने काय बोलावे? मी म्हणालो, “म्हणून सांगत होतो, प्राध्यापकीची परीक्षा दे.” तिने माझ्याकडे पाहिले, काही बोलली नाही. ते न बोलणे मला झोंबले. प्रायश्चित्त म्हणून मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, “पुन्हा एकदा करून दाखव बरे.”

तीस वर्षे मी मुलांना सांगत आलो आहे, की उतारा वाचताना काय लिहिले आहे याइतकेच काय लिहिलेले नाही हेही पाहावे. पडद्यावर तिची आज्ञा उमटली आणि पाठोपाठ नकार. मी सहज विचारले, “अगं, पण यात तू शब्द दिलास कुठे? ते यंत्र तुला विचारतच नाही!”

ती क्षणभर थबकली. मग तिने आणखी एक आज्ञा लिहिली, आणि भांडाराचा पत्ता पडद्यावर आला. त्या पत्त्याच्या पोटातच तिचे नाव आणि तिचा जुना शब्द लिहिलेला होता! गणपतीच्या दिवसांत घाईघाईने तिनेच तो तसा लिहून ठेवला होता. दर दोन मिनिटांनी भांडारातले ताजे लिखाण आणण्याची कामगिरी तिने सर्व्हरवर नेमून दिली होती. तो इमानी नोकर दर खेपेस जुनाच शब्द सांगे आणि परत फिरे. पाच खेपा म्हणजे दहा मिनिटे. हिशेब जुळला. तोतया कोणी नव्हताच.

मग तिने पत्त्यातला शब्द काढून टाकला आणि सर्व्हरसाठी किल्ल्यांची एक जोडी तयार केली. ही युक्ती टाटू इल्योनेन यांनी १९९५ साली रचलेल्या एसएसएच या व्यवस्थेतली. त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यातून जाणारे परवलीचे शब्द कोणी चोरून टिपले होते, त्यावरून त्यांना ही बुद्धी झाली. जोडीतली एक किल्ली उघडपणे भांडाराच्या स्वाधीन करायची. दुसरी आपल्या यंत्रातून कधी बाहेर जात नाही. ती गुप्त किल्ली इतरांना वाचता येईल अशी उघडी ठेवली, तर तो कार्यक्रम ती वापरायचेच नाकारतो. गिटहब या प्रख्यात भांडाराने तर १३ ऑगस्ट २०२१ पासून आज्ञेच्या ओळीवर नुसता परवलीचा शब्द स्वीकारणेच बंद केले आहे. हे सारे ती मला सांगत होती आणि बोटे चालत होती. खाते चौथ्यांदा उघडवून घेतले. दहा मिनिटे गेली, वीस गेली. ते उघडेच राहिले.

रात्री मला लवकर झोप आली नाही. दाराचा काही दोष नव्हता. मुलीनेही शब्द वेळच्या वेळी बदलला होता. मधला इमानी निरोप्या तेवढा जुन्या शब्दाला चिकटून बसला होता, आणि प्रत्येक नकारानंतर तोच शब्द पुन्हा घेऊन जात होता. त्याला वाटत असेल, गणपतीत चालला तो शब्द दिवाळीत का चालू नये? मीही गेली सहा वर्षे मुलीच्या दाराशी ‘परीक्षा दे’ हाच शब्द घेऊन उभा आहे. ती बारावीत असताना या शब्दाने दार उघडत असे. हल्ली ते उघडत नाही, तेव्हा मी मनाशी म्हणतो, पोरगी अबोल झाली आहे.

दुसऱ्या दिवशी काम वेळेवर पोहोचले. दुपारी जेवताना मी परीक्षेचा विषय काढला नाही. विचारले ते एवढेच, की त्या ग्राहकाला हे काम कशासाठी हवे होते. ती तासभर सांगत होती. निम्मे मला समजले नाही. पण पानावर बसून लेकीचे इतके बोलणे मी फार वर्षांनी ऐकले.