आराखडा आधी, सडा नंतर

संशोधनाचा आराखडा काम सुरू करण्यापूर्वीच तारखेनिशी नोंदवून ठेवायचा, या कल्पनेला माझा कडाडून विरोध होता. औषधांच्या चाचण्यांना ते ठीक. आमचं काम सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर. पाऊस लांबला की फुलोऱ्याचं गणित बिघडतं, गुरं शिरली की प्लॉट हातचे जातात. डेटा खुला ठेवण्याला मात्र ना नव्हती. ‘इव्होल्यूशन’सारख्या नियतकालिकांनी २०११पासून ती अटच घातली. ज्याला शंका असेल त्याने आकडे घ्यावेत आणि पडताळून पाहावेत, एवढं पुरे असं वाटे.

२०२५मध्ये ‘बीएमसी बायॉलॉजी’त एक अभ्यास आला आणि मी डळमळू लागले. त्यात संशोधकांच्या १७४ गटांनी दोन ठरावीक डेटासंच तपासले होते. त्यातला एक ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीचा : गवतामुळे रोपांच्या उगवणीवर परिणाम होतो का? पण गवत तरी कोणतं धरायचं? देशी की परकं, वर्षायू की बहुवर्षायू? रोप म्हणायचं ते किती उंचीपर्यंत? ज्याने त्याने आपल्या परीने ठरवलं. सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला, तरी सुमारे एक तृतीयांश उत्तरं ‘लक्षणीय’ ठरली. कुणाची उणे, कुणाची अधिक.

आकडे सगळ्यांसमोर होते, पण उत्तर ठरत होतं ते या निवडींवर. चौकट टाकल्यावर मूळ बाहेर आणि पानं आत असलेलं रोप मोजायचं की नाही, हे आम्ही सड्यावर पाय ठेवण्याआधी ठरवतो. मग विश्लेषणालाच सवलत कशाला? २०१८च्या एका सर्वेक्षणात परिसंस्था आणि उत्क्रांतीच्या ८०७ अभ्यासकांपैकी ५१ टक्क्यांनी कबूल केलं, की अनपेक्षित निष्कर्ष आपण आधीपासून अपेक्षित असल्यासारखा मांडला आहे. त्यात लबाडी असतेच असं नाही. उत्तर हाती आलं की ‘मला हेच वाटत होतं’ असं मनापासून वाटू लागतं.

नोंदवलेला आराखडा बदलता येतो, हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. पाऊस लांबला तर बदला. कधी आणि का, ते लिहा. आता माझे विद्यार्थी आराखड्याचं पान लिहूनच सड्यावर जातात.

एका बाबतीत मी हटून आहे. दुर्मिळ कंदीलपुष्पाचे नेमके अक्षांश-रेखांश मी जाहीर करणार नाही. कंद उपटून नेणारेही वाचू शकतात. मात्र जागा झाकली आहे आणि ती का, हे त्याच नोंदीत लिहीन.