साठा शिल्लक आहे का?

डिसेंबरची तिकिटं काढल्याची बातमी पुण्याला पोचली, की आपल्या बॅगा कपाटातून बाहेर येण्याआधी याद्या येतात. पूर्वी या याद्यांत बदाम, चॉकलेटं, व्हिटॅमिनच्या बाटल्या असायच्या. मग कॅमेरे आले, लॅपटॉप आले, पुढे फोन आले. २०१३ साली ताईच्या घरून आलेल्या यादीत मात्र एकच ओळ होती. भाच्याने लिहिलं होतं, "मामा, नवा आयपॅड मिनी, रेटिनावाला. बाकी काही नको." ज्या यादीत 'बाकी काही नको' असतं ती सगळ्यात अवघड, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको.

तो मिनी १२ नोव्हेंबर २०१३ रोजी अमेरिकेत विक्रीला आला. किंमत ३९९ डॉलरपासून पुढे. माल कमी पडणार याची कुणकुण आधीच लागली होती. या तिमाहीत मागणीला पुरेल इतका माल होईल की नाही हे सांगता येत नाही, असं ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी ऑक्टोबरअखेरीसच सांगून टाकलं होतं. सप्टेंबरात आलेल्या आयफोन ५एसचीही तीच गत झाली होती. त्यातला सोनेरी तर औषधालाही मिळत नव्हता.

ॲपलच्या स्वतःच्या साइटवर सोय होती. वस्तू निवडायची, झिप कोड घालायचा, की जवळपासच्या दुकानांत ती आहे का ते दिसायचं. असेल तर पैसे भरायचे आणि दुकानातून उचलायची. सोय चांगलीच, पण वस्तू मुबलक असेल तेव्हा. टंचाईत गणित वेगळं होतं. मिनी चार क्षमतांचा, दोन रंगांचा. वायफायचा वेगळा, सेल्युलरचा वेगळा. म्हणजे इथेच सोळा प्रकार झाले. अमेरिकेत कंपनीची दुकानं तेव्हा अडीचशेच्या आसपास. सकाळी नसलेला माल दुपारी यायचा आणि चहा होईपर्यंत संपायचा. एडिसनचं मेन्लो पार्क, ब्रिजवॉटर, शॉर्ट हिल्स, फ्रीहोल्ड, असं एकेक पान उघडत बसायचं म्हणजे नोकरी सांभाळून दुसरी नोकरी.

हा गुंता सोडवणारी एक साइट तेव्हा होती. नाव ॲपल-ट्रॅकर. ती कंपनीची नव्हती. एका प्रोग्रॅमरने स्वतःहून तयार केली होती. तुम्ही-आम्ही जो प्रश्न एका दुकानापुरता विचारायचो, तोच ती सगळ्या दुकानांसाठी विचारायची आणि उत्तरं एकत्र मांडायची. ती कुठलं कुलूप फोडत नव्हती, स्वतः माल विकतही नव्हती. एका सहकाऱ्याने मला ती दाखवली आणि भाच्याचा मिनी मला फ्रीहोल्डला मिळाला.

त्याच मोसमात ॲपलच्या बाजूने त्या साइटला कॉपीराइटच्या कायद्याखाली नोटीस गेली आणि साइट बंद झाली. तंत्रज्ञानाच्या बातम्यांत चार ओळी आल्या आणि जग पुढे गेलं. मला मात्र ही गोष्ट आजवर सोडत नाही, कारण हिचं नातं माझ्या लहानपणाशी आहे.

सत्तरच्या दशकात आमच्या वाड्यात रॉकेल कधी येणार हा प्रश्न पावसाइतकाच मोठा होता. रेशन दुकानावर साठ्याची पाटी असायची, पण ती वाचायला दुकानापर्यंत जावं लागायचं. तळमजल्यावरच्या काकूंचा धाकटा मुलगा शाळेतून येताना ती पाटी बघायचा आणि वाड्याच्या दारातूनच ओरडायचा, "रॉकेल आलंय!" पुढच्या पाच मिनिटांत सगळे डबे रांगेला. दुकानदाराला हे अजिबात आवडायचं नाही. "तुला कोणी सांगितली ही दवंडी पिटायला?" असं त्याने एकदा त्या मुलाला दरडावलं होतं. पाटी तर सगळ्यांसाठीच होती. दुकानदाराची हरकत ती एका वेळी सगळ्यांनी वाचण्याला होती.

तुलना ताणू नये हे मला कळतं. रॉकेल ही गरज होती, आयपॅड ही हौस. आणि ॲपल काही मागच्या दाराने माल विकत नव्हती. पण मूळ प्रश्न तोच आहे. जी माहिती प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने बघायला मोकळी आहे, ती कोणी गोळा करून सगळ्यांपुढे ठेवली, तर त्यात त्याने चोरलं काय?

या बाबतीत अमेरिकेतला एक जुना खटला वाचण्यासारखा आहे. कॅन्ससमधल्या रुरल नावाच्या टेलिफोन कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांची डिरेक्टरी छापली होती. फाइस्ट नावाच्या प्रकाशकाने त्यातली नावं आणि नंबर घेऊन मोठ्या भागाची डिरेक्टरी काढली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९१ मध्ये निकाल फाइस्टच्या बाजूने लागला. नुसत्या वस्तुस्थितीवर कोणाचा कॉपीराइट असू शकत नाही, ती गोळा करायला कितीही घाम गाळलेला असो, असं न्यायालयाने म्हटलं. या न्यायाने 'फ्रीहोल्डच्या दुकानात आज मिनी आहे' हे वाक्य कोणाच्याच मालकीचं नाही. कंपनीची छायाचित्रं, तिचा मजकूर, तिची मांडणी यांवर मात्र तिचा हक्क असतो. शिवाय साइट वापरण्याच्या अटी वेगळ्या, आणि त्यांवरून होणारी भांडणंही वेगळी.

मग एखाद्याने नोटिशीला उत्तर का देऊ नये? कायद्यात तशी वाट आहे. १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्टमध्ये, ज्याला सगळे डीएमसीए म्हणतात, उलट नोटीस देता येते. समोरचा कोर्टात गेला नाही तर काढलेला मजकूर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत परत लावायचा असतो. पण साठ्याची बातमी दुधासारखी असते, त्याच दिवशी उपयोगाची. दोन-तीन आठवड्यांनी परवानगी मिळून काय करायचं? तोवर रॉकेल संपलेलं असतं. त्यातून समोरच्याकडे वकिलांची फौज, आणि आपण रात्री जेवणं झाल्यावर कोड लिहिणारा एकटा माणूस. अशा सामन्यात कायदा कोणाच्या बाजूने आहे हे बघायची वेळच सहसा येत नाही.

कंपनीची बाजूही न्यायाने मांडायला हवी. कोणत्या दुकानातला साठा किती वेळात संपतो हे सतत टिपलं, तर विक्रीचा अंदाज बांधता येतो, आणि तो प्रतिस्पर्ध्यांना हवाच असतो. दर मिनिटाला प्रश्न विचारणारे प्रोग्रॅम वाढले तर सर्व्हरवर ताण येतो. शिवाय अशा यादीचा फायदा माझ्यासारख्या मामालाच होतो असं नाही. दहा फोन उचलून चढ्या भावाने विकणाऱ्यालाही होतो. सोनेरी ५एस तेव्हा ईबेवर छापील किमतीच्या कितीतरी वर विकला जात होता. ही कारणं मला पटतात. पण मग ती उघडपणे सांगावीत, वेग कमी करायला सांगावं, मर्यादा घालावी. कॉपीराइटची नोटीस ही या दुखण्यावरची गोळी नव्हे.

सात-आठ वर्षांनी हाच प्रश्न आपल्या सगळ्यांच्या दारात आला, आणि या वेळी तो हौसेचा नव्हता. २०२१ च्या सुरुवातीला इथे कोविडची लस आली, पण अपॉइंटमेंट मिळेना. न्यूयॉर्कमध्ये शहराच्या, राज्याच्या आणि औषधांच्या दुकानांच्या साइटी वेगवेगळ्या. आईसाठी वेळ शोधताना एक सॉफ्टवेअर इंजिनिअर मेटाकुटीला आला आणि त्याने टर्बोव्हॅक्स नावाची साइट तयार केली. दोन आठवड्यांच्या आत, पन्नास डॉलरहून कमी खर्चात. सगळीकडच्या रिकाम्या वेळा एका ठिकाणी दिसू लागल्या आणि हजारो न्यूयॉर्ककरांचे हात वाचले.

त्यानंतर काही महिन्यांनी आपले सगळ्यांचे डोळे भारताकडे लागले. २८ एप्रिलला १८ ते ४४ वयाच्या लोकांची नोंदणी कोविन पोर्टलवर सुरू झाली आणि स्लॉट बघता बघता भरून जाऊ लागले. कोविनने आपली माहिती इतर प्रोग्रॅमना वाचायला खुली ठेवली होती. त्यावरून हौशी प्रोग्रॅमरांनी टेलिग्रामवर सूचना देणारे चॅनल काढले. मेच्या पहिल्या आठवड्यात सरकारने त्यावर मर्यादा घातली: एका पत्त्यावरून पाच मिनिटांत शंभरच विचारणा, आणि मिळणारी माहिती अर्ध्या तासापर्यंत शिळी असू शकेल. ज्याला प्रोग्रॅम लिहिता येतो त्यालाच स्लॉट मिळतो, ही तक्रार खरीच होती. ज्या आजींकडे स्मार्टफोन नाही त्यांचं काय, हा प्रश्नही खरा. तरीही दरवाजा बंद झाला नाही, थोडा लोटला गेला. भाचा तेव्हा तिशीला टेकला होता. पुण्यातला स्लॉट त्याला असल्याच एका चॅनलमुळे मिळाला. या वेळी मामाचा उपयोग एवढाच, की तिथे रात्र असताना मी इथे जागा होतो.

ही उदाहरणं शेजारी ठेवली की मला एक गोष्ट दिसते. देणाऱ्याला माल लोकांपर्यंत पोचवायची घाई असते तेव्हा दवंडी पिटणारा त्याला आपला माणूस वाटतो, आणि पोचवण्याचा ताबा आपल्याच हातात हवा असतो तेव्हा तोच माणूस उपद्रवी ठरतो. ओरडणारा मुलगा मात्र तोच असतो.

हे सगळं दिवाळी अंकात लिहिण्याचं कारण आपल्या घरांतच आहे. इथे वाढलेली आपली मुलं असल्या साइटी एका वीकेंडला तयार करतात. माझी मुलगी कॉलेजात आहे. कुठल्या कोर्समध्ये जागा रिकामी झाली हे कळवणारा प्रोग्रॅम तिने मैत्रिणींसाठी लिहिलाय. मी तिला थांबवलं नाही. चार गोष्टी मात्र सांगितल्या. कंपनीचं नाव आणि चित्रं आपल्या नावात, आपल्या पानावर वापरू नकोस. ज्या साइटला विचारतेस तिच्या अटी वाच. सेकंदाला शंभरदा विचारू नकोस. आणि नोटीस आलीच तर घाबरून सगळं पुसण्याआधी एखाद्या वकिलाला दाखव. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांना सल्ला देणारं कार्यालय असतं. एच-१बीवर असलेल्या तरुण मंडळींसाठी पाचवी गोष्ट: अशा साइटवर जाहिराती लावून पैसे घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला, कारण तो व्हिसा ज्या कंपनीने काढला तिच्याच कामापुरता असतो.

एवढी काळजी घेऊन मुलांनी ओरडावं असं मला वाटतं. आपण सगळे कधी ना कधी कोणीतरी दारातून दिलेल्या बातमीवर जगलोय. कुठल्या ग्रोसरीत हापूसच्या पेट्या आल्या, कॉन्सुलेटमध्ये कधी वेळ मिळते, कोणत्या देवळाच्या हॉलची तारीख मोकळी आहे, हे आपल्याला परक्या देशात कोणी सांगितलं? ज्याला आधी कळलं त्याने. ते स्वतःपुरतं न ठेवता दुसऱ्याला सांगण्याच्या सवयीवर आपली मंडळं उभी राहिली. ती सवय मुलांच्या बोटांत उतरली असेल, तर तिला जपायला हवं.